लायसन्सची फी आणि लायसन्सपर्यंतचं अंतर

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या ट्रका निघाल्या आणि आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर पोलिसांची नाकाबंदी लागली. संध्याकाळपर्यंत बऱ्याच पोरांच्या पावत्या फाटल्या, त्यातल्या बहुतेक लायसन्स नसल्याच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात दोन तट पडलेले. एक तट म्हणत होता, सरकारने गोरगरिबांना लुटायचा धंदा मांडलाय, लायसन्स फुकट करून टाका. दुसरा म्हणत होता, लाखाची गाडी उडवता आणि हजाराचं लायसन्स जड होतं का, पाच काय दहा हजार दंड करा. दोन्हीकडून आवाज चढले, पण लायसन्सला नेमका किती खर्च येतो आणि तो कशाकशावर होतो हा हिशेब कुणीच मांडला नाही. हा वाद गेली काही वर्षं मी असाच ऐकतोय, आणि दोन्ही बाजू भलत्याच गोष्टीवर भांडतायत असं माझं स्पष्ट मत आहे. लायसन्सची सरकारी फी महाग नाही. ती माफ करा अशी माझी मागणीही नाही. महाग आहे ते लायसन्सपर्यंत पोचणं. मराठवाड्यात हा खर्च फीच्या कित्येक पट आहे, आणि त्याचा सर्वांत वाईट परिणाम गरिबाच्या खिशावर नव्हे तर रस्त्यावरच्या सुरक्षिततेवर होतो.

आधी फीचं बघू. ती केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ठरलेली आहे आणि डिसेंबर २०१६ मध्ये वाढली. लर्निंग लायसन्स ३० रुपयांवरून १५० झालं, पक्क्या लायसन्सच्या ट्रायलची फी ५० वरून ३०० झाली. लर्निंगच्या परीक्षेचे ५० आणि लायसन्स देण्याचे २०० धरले तर नुसत्या दुचाकीचं काम ७०० रुपयांत होतं. सोबत चारचाकी घेतली तर साडेअकराशेच्या आसपास जातं. टपालाचे आणि किरकोळ पैसे वेगळे. वाढ मोठी होती हे खरं, तरी वीस-वीस वर्षं चालू शकणाऱ्या कागदासाठी ७०० रुपये ही लुबाडणूक नाही. रोजगार हमीची २०२५-२६ सालची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे सव्वादोन दिवसांची मजुरी. फुकट मागणाऱ्या तटाचा मुद्दा इथेच अर्धा संपतो.

आता दुसरा हिशेब. माझ्या पुतणीने मागच्या वर्षी दुचाकीचं लायसन्स काढलं. ती राहते खेड्यात. तालुका अठरा किलोमीटर, तिथून जिल्हा आणखी सत्तर. लर्निंगचा फॉर्म नेट कॅफेत भरला, त्याने स्कॅनिंग, फोटो, फॉर्म आणि स्लॉट मिळून चारशे घेतले. महिन्याने जिल्ह्याच्या आरटीओत ट्रायल, म्हणजे मैदानावर गाडीने आठाचा आकडा काढून दाखवायचा. ट्रायलला गाडी आपलीच न्यावी लागते, आणि लर्निंगवर एकटीने इतक्या लांब जाणं ना नियमात बसत ना घरच्यांच्या मनात. म्हणून माझा भाऊ सोबत. पेरणीचे दिवस होते, त्याच्या जागी रानात चारशे रुपये रोजाने माणूस लावला. येऊन-जाऊन पावणेदोनशे किलोमीटरचं पेट्रोल, वर दोघांचं खाणंपिणं. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद, दुपारी सांगितलं पुन्हा या. दुसऱ्या खेपेला गाडीची पीयूसी चार दिवसांपूर्वी संपलेली निघाली. ती चूक आमची, पण हे आधी सांगणारं तिथे कुणी नव्हतं. परतताना ती मला फोनवर म्हणाली, "काका, मला आठ काढता येतो, पण तो काढून दाखवायला अजून किती दिवस जायचं?" तिसऱ्या खेपेला तिने आठाचा आकडा पाय न टेकता काढला आणि पास झाली. एका खेपेला साडेनऊशेच्या आसपास गेले होते. सगळं मिळून चार हजारांच्या आत-बाहेर. सरकारच्या पावत्यांची बेरीज होती ७००.

त्याच आरटीओ कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉप मांडून बसलेल्या एजंटाने पहिल्याच दिवशी भावाला भाव सांगितला होता: साडेतीन हजार, एकदाच यायचं, ट्रायलची काळजी करायची नाही. म्हणजे सरळ मार्गाने जाणाऱ्या माझ्या भावाला एजंटापेक्षा पाचशे रुपये जास्त लागले. यावर लोक पटकन म्हणतात की लोकांनाच भ्रष्टाचार हवा असतो. मला हे पटत नाही. एजंटाचा दर हा अंतराचा बाजारभाव आहे. तीन खेपा, तीन बुडालेले रोज, पेट्रोल आणि मनस्ताप यांची जी बेरीज होते, तिच्या थोडं खाली तो आपला आकडा ठेवतो. किनवटच्या माणसासाठी नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. सोयगाव अजिंठ्याच्या पलीकडे, संभाजीनगरपासून शंभर किलोमीटरच्या घरात. आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ पडतं. या अंतरांवर जो एजंट धंदा करतो त्याला नुसत्या छाप्यांनी हटवता येणार नाही, कारण त्याची गरज दुसऱ्या दिवशी तशीच उरते.

मध्यस्थ कुठे जन्मतो याचा मराठवाड्याला जुना अनुभव आहे. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला साधा अर्ज करायचा तरी कचेरीबाहेरच्या अर्जनवीसापुढे बसावं लागे. तो काय लिहितो हे अर्जदाराला कळत नसे, आणि पैसे मोजण्यावाचून इलाज नसे. त्या माणसाला कुणी भ्रष्ट म्हणून पकडून नेलं म्हणून तो गेला नाही. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली, पुढे कारभार मराठीत आला आणि त्याच्या धंद्याचा पायाच उखडला. तेव्हा दरी भाषेची होती, आज किलोमीटरची आहे. लर्निंगची परीक्षा मराठीत देता येते, ही दरी बुजली. दुसरी का बुजवायची नाही?

आता विरोधी बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा: ऐंशी-नव्वद हजारांची गाडी घेता, मग लायसन्सलाच पैसे नाहीत का? या प्रश्नात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पोरगा बारावीला गेला की गाडी, आणि लायसन्सचं पुढे बघू, हे आपल्याकडच्या घराघरांत घडतं. अठरा पुरे नसलेल्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या बापाला कायद्याने २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद ठेवली आहे, आणि तिथे मी त्या बापाची कड घेणार नाही. पण ऐंशी हजारांची गाडी कशी घेतली जाते ते एकदा पाहा. शोरूम तालुक्याला, कधी मोठ्या बाजाराच्या गावालाही. फायनान्सवाला तिथेच टेबल टाकून बसलेला. आधार, पॅन, दोन चेक, थोडं डाऊन पेमेंट आणि बाकी हप्ते. पासिंग डीलर करतो, नंबर प्लेट डीलर लावतो, विमा तिथल्या तिथे. गाडी घेणाऱ्याला त्यासाठी आरटीओचं दारही बघावं लागत नाही. आणि सरकार? शंभर सीसीच्या वरच्या साध्या मोटारसायकलवर महाराष्ट्रात ११ टक्के वाहनकर आहे. ऐंशी हजारांच्या गाडीवर ८,८०० रुपये शोरूममधूनच तिजोरीत जातात. गाडी विकताना लायसन्स आहे का असं कुणी विचारत नाही, कायदाही तसं विचारायला लावत नाही. ज्या शासनाला आपला कर घ्यायला तालुक्यापर्यंत पोचता येतं, त्याला त्याच गाडीच्या चालकाची परीक्षा घ्यायला जिल्ह्याच्या पुढे पाऊल टाकता येत नाही, हे मी कसं मान्य करू?

शिवाय मोटारसायकल ही इथे हौस आहे असं समजणं चूक आहे. गावात सकाळी एक आणि संध्याकाळी एक एसटी. मधल्या वेळात दवाखाना, बँक, बी-बियाण्याचं दुकान, पोराची परीक्षा यांपैकी काहीही आलं तर वडाप नाही तर स्वतःची गाडी. जिथे सार्वजनिक वाहन वेळेवर मिळतं तिथल्या माणसाने गाडीला चैन म्हणावं. आमच्याकडे ती पाण्याच्या घागरीइतकीच घरातली वस्तू झाली आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला सर्वांत जास्त छळतो. लायसन्स सोपं आणि स्वस्त केलं तर कच्चे चालक रस्त्यावर येतील. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. माझ्या वर्गात बसलेली दोन मुलं अशीच गेली आहेत, त्यामुळे ही संख्या मला नुसता आकडा वाटत नाही. परीक्षा सोपी करा असं मी म्हटलं तर त्या मुलांच्या आयांना तोंड दाखवता येणार नाही. परीक्षा कडकच हवी. माझा प्रश्न एवढाच आहे की खर्चामुळे ती कडक होते का? आज जो पैसे मोजतो त्याची ट्रायल सैल होते, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो ट्रायललाच येत नाही, विनालायसन्स चालवतो. खर्चाची चाळणी कौशल्य चाळत नाही, खिसा चाळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी स्वतः लोकसभेत सांगितलं होतं की देशातली ३० टक्के लायसन्स बोगस आहेत. मंत्रीच हे म्हणत असेल तर आताची महाग, लांबची, दमवणारी पद्धत आपल्याला वाचवते आहे हा दावा टिकतो कसा?

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल फार बोलका आहे. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याने साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायला वेगळा परवाना हवा का, हा वाद वर्षानुवर्षं चालला होता. विमा कंपन्यांचं म्हणणं, हवा. छोटा टेम्पो, रिक्षा, जीप चालवणारी लाखो माणसं त्यात अडकली होती. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने वेगळ्या परवान्याची गरज नाही असा निकाल दिला. असे चालक अपघातांचं मोठं कारण आहेत हे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे कुणी ठेवलीच नाही, हेही त्यात नोंदवलं आहे. आणखी एक कागद, आणखी एक खर्च लादला की रस्ता सुरक्षित होतो, हे गृहीत धरलं जातं. सिद्ध करायची पाळी आली की हात रिकामे असतात.

खरं तर लायसन्स नसण्याची सर्वांत मोठी किंमत रस्त्यावर भरावी लागणाऱ्या दंडात नाहीच. दंड पूर्वी ५०० होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ५,००० झाला आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून तसा वसूल होऊ लागला. पण विम्याकडे बघा. गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण घेता येतं, ते २०१८ च्या अखेरीपासून एवढं वाढलं. त्याची अट आहे की मालकाकडे चालू लायसन्स हवं. लायसन्स नसलेला माणूस गाडीवर गेला तर मागे राहिलेल्या बाईच्या हातात १५ लाखांऐवजी हप्ते थकलेल्या गाडीचा सांगाडा येतो. समोरचा मेला तर आणखी कठीण. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यापासूनचा रिवाज असा की विमा कंपनीने आधी मयताच्या घरच्यांना भरपाई द्यायची, आणि मालकाने जाणूनबुजून विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी दिली असेल तर ती त्याच्याकडून वसूल करायची. वसूल कशातून करणार? दोन एकर रानातून. शेतकरी अपघात विम्याची योजना बीडच्याच गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने आहे, आणि त्यांचा स्वतःचा अंत ३ जून २०१४ रोजी दिल्लीच्या रस्त्यावर अपघातात झाला. ती योजना विमा कंपन्यांमार्फत चालायची तेव्हा, शेतकरी स्वतः गाडी चालवत असताना गेला असेल तर कागदांत त्याचं लायसन्स मागितलं जायचं. त्या योजनेच्या दोन लाखांसाठी चकरा मारणाऱ्या, "लायसन्स कुठाय" या प्रश्नावर खाली बघणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. ७०० रुपयांच्या कागदापर्यंत न पोचण्याची ही किंमत. हे कळलं तर दंड वाढवा म्हणणारेही म्हणतील, आधी कागद त्याच्या हातात पोचवा.

तिसरा आक्षेप: आता सगळं ऑनलाइन झालंय, मग अंतर कुठे राहिलं? जून २०२१ मध्ये महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या लर्निंग काढायची सोय झाली. निम्मे हेलपाटे वाचले, हे खुल्या मनाने मान्य करतो. माझ्या पुतणीलाही त्याचाच फायदा झाला. पण त्या सोयीचा दुसरा परिणाम कुणी झाकू नये. परीक्षा घरी किंवा कॅफेत झाल्यावर उत्तरं कोण देतो यावर कुणाचं लक्ष नव्हतं. वाहतुकीची चिन्हं न ओळखणारी मुलं लर्निंग घेऊन आली, कारण बटणं कॅफेवाल्याने दाबली. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे पण फॉर्मच्या इंग्रजी रकान्यांपुढे जो बावरतो, त्याच्यासाठी एजंट कार्यालयाबाहेरून कॅफेत येऊन बसला, एवढंच. लोकांना परीक्षेपर्यंत आणण्याऐवजी परीक्षाच विरघळवून टाकली. मला परीक्षा हवी आहे, माणसाच्या जवळ हवी आहे, आणि तिथे एक जबाबदार डोळा हवा आहे. ट्रायल तर मोबाइलवर होतच नाही.

आणि ऊसतोड कामगार? बीड, धारूर, वडवणी, पाटोदा, केज, आष्टी या भागांतून लाखो माणसं दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलात परततात. लर्निंगची मुदत सहा महिने. एखाद्या पोराने दसऱ्याला हौसेने लर्निंग काढलं आणि ट्रायल द्यायच्या आत कोयता घेऊन निघाला, तर एप्रिलअखेरीस परत येईपर्यंत ते संपलेलं असतं. पुन्हा १५० भरा, पुन्हा कॅफे, पुन्हा महिना. कायद्यात २०१९ पासून राज्यातल्या कोणत्याही कार्यालयात अर्ज करायची मोकळीक आहे, पण फडावरच्या पोराला मुकादम दिवसाची सुट्टी देतो का? ट्रायलसाठी गाडी तिथे कुठून आणणार? परतल्यावर हाच पोरगा ट्रॅक्टर चालवतो, मागे दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांचा ऊस ओढणारा माणूस परीक्षेशिवाय रस्त्यावर आहे याची चिंता ज्यांना वाटते, त्यांनी सहा महिन्यांची मुदत आणि हंगामाचं कॅलेंडर शेजारी ठेवून बघावं. माझ्या मते जिल्ह्यातून स्थलांतर करणाऱ्यांसाठी ट्रायलचे खास दिवस सप्टेंबरात ठेवायला हवेत, निघायच्या आधी. एवढी एक गोष्ट बीड जिल्ह्यापुरती झाली तरी फरक दिसेल.

पोरींचं तर आणखी वेगळं आहे. पुरुष एकटा जाऊन येईल, मुलीसोबत कुणीतरी जातं. म्हणजे तिच्या प्रत्येक खेपेला दोन रोज बुडतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि बाजाराला, दवाखान्याला, माहेरी जाणाऱ्या बायकांनी गाड्या भरून गेल्या. प्रवासाचा खर्च कमी केला की बाई घराबाहेर पडते, याचा याहून चांगला पुरावा कोणता? छत्रपती संभाजीनगरसह निवडक शहरांत पिंक ई-रिक्षा योजना आली: २० टक्के सरकारचे, १० टक्के बाईचे, ७० टक्के बँकेचं कर्ज. पण रिक्षा हाती घ्यायची तर लायसन्स लागतंच. योजनेचे पैसे आखताना त्या पायरीचा खर्चही धरायला हवा.

चौथा मुद्दा आहे माणसांच्या आणि पैशाच्या कमतरतेचा. अधिकारी थोडे, कामाचा ढीग मोठा, तालुक्याला कोण जाणार? आरटीओ कार्यालयांची तालुक्यांत महिन्याला शिबिरं होतात, हे मला माहीत आहे, आणि ती घेणारे काही निरीक्षक मनापासून काम करतात हेही पाहिलं आहे. पण शिबिराची तारीख ऐन वेळी बदलते, स्लॉट पहिल्या दिवशीच संपतात, आणि स्लॉट कुणाच्या हाती जातात हे कॅफेवाल्याला विचारलं की कळतं. शिबिर ही सवलत म्हणून चालते, हक्क म्हणून नाही, आणि दुखणं तिथेच आहे. अंतर हा खर्च आहे हे शासनाला कळत नाही असंही नाही. रोजगार हमीच्या कायद्यात पाच किलोमीटरच्या पलीकडे काम दिलं तर दहा टक्के मजुरी जास्त द्यावी लागते. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला, तेव्हा लोकांचं सगळ्यात मोठं म्हणणं काय होतं? कचेरी लांब पडते. अंबाजोगाईला जिल्हा अजून मिळाला नाही, पण स्वतःचं आरटीओ कार्यालय मिळालं आणि एमएच ४४ हा नंबर मिळाला. तिथल्या माणसाची बीडची खेप वाचली. म्हणजे इच्छा असली की हे होतं. मराठवाड्याचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ साली मोजला, त्यात रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने सगळं होतं. सामान्य माणसाला एका सरकारी कामासाठी किती किलोमीटर आणि किती दिवस लागतात, हा अनुशेष कुणीतरी मोजायला हवा होता.

१९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी फोटोच्या मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला तेव्हाही हेच आक्षेप होते: खर्च अफाट, माणसं अपुरी, खेड्यात कसं जमणार. मला तो काळ आठवतो. गावच्या शाळेत पडदा लागला, कॅमेरेवाला आला, म्हाताऱ्या बायका डोक्यावरचा पदर सावरून स्टुलावर बसल्या. कार्ड फुकट मिळालं आणि कुणालाही त्यासाठी जिल्ह्याला जावं लागलं नाही. कुणी म्हणेल मतदान हा हक्क आहे, गाडी चालवणं ही मोकळीक आहे. फरक मान्य. पण लायसन्सची सक्ती शासनाची, दंड शासनाचा, कर शासनाचा. ज्याने सक्ती केली त्याने ती पाळण्याची वाट निम्मी तरी स्वतः चालून यावी, एवढं मागणं गैर आहे का?

मला जे हवंय त्यात नवं असं थोडंच आहे. बहुतेक तालुक्यांत सरकारी आयटीआय आहे, तिथे मैदान आहे, संगणकाची खोली आहे. महिन्यातले दोन ठरलेले दिवस तिथे ट्रायल व्हावी, आणि ते आठवडी बाजारासारखे पक्के असावेत. सोमवारी बाजार म्हणजे सोमवारीच, कुणाला विचारावं लागत नाही. लर्निंगची परीक्षा त्याच खोलीत, समोर माणूस बसवून घ्या, म्हणजे बटणं दुसऱ्याने दाबायचा प्रश्न मिटेल. पीयूसी आणि विमा चालू हवा, हे स्लॉटच्या मेसेजमध्ये मराठीत लिहून पाठवा. आमची एक खेप त्याने वाचली असती. सर्व्हर बंद पडून ट्रायल झाली नाही तर पुढची तारीख कार्यालयाने द्यावी, नवीन स्लॉटसाठी उमेदवाराने धावू नये. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, वेळेत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात दंडही आहे. त्याचा धाक लायसन्सच्या खिडकीपर्यंत पोचू द्या. आणि नाकाबंदीत पहिल्यांदा सापडलेल्या सज्ञान माणसाला साठ दिवसांची मुदत द्यावी: तेवढ्यात लायसन्स काढून दाखवलं तर दंडातला मोठा भाग सोडावा, नाही दाखवलं तर पुरा घ्यावा. दंडाचा हेतू माणूस लायसन्सपर्यंत यावा हाच असेल तर यात शासनाचं नुकसान काहीच नाही.

याला खर्च येईल. मोटारसायकलमागे शोरूममधून जे आठ-नऊ हजार आधीच गोळा झालेत, त्यांतला थोडा हिस्सा त्या मैदानावर आठाचा आकडा आखायला, एका निरीक्षकाच्या गाडीला आणि सावलीसाठी एका मंडपाला पुरेल. पुतणीचं कार्ड पोस्टाने आलं तेव्हा भावाने ते पाकिटात घालून कपाटात ठेवलं. तिने ते काढून पर्समध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन एकटीच तालुक्याला गेली. तिच्या वर्गातल्या बाकीच्या अकरा मुली गाडी चालवतात, लायसन्स अजून एकीकडेही नाही. पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्याला शिबिर आहे म्हणतात. तारीख अजून कुणाला कळलेली नाही.